पथ्य, मेहनत आणि शस्त्रक्रिया

कल्याणहून कर्जतच्या गाडीत बसलात की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्टेशने ओळीने लागतात. दुसऱ्या महायुद्धात उल्हासनगरच्या जागी लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांनी तिच्या बराकींत आसरा घेतला. 1949 साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेव्हा घरोघरी एकच विवंचना होती, पोट भरायचे कसे? आज त्यांचीच नातवंडे डॉक्टरांना विचारतात, वाढलेले पोट उतरवायचे कसे?

हा पालट कशाने झाला? बदलापूरच्या खाचरांत भातलावणीला दिवसभर वाकावे लागे. आता पुष्कळ खाचरांवर इमारती उभ्या आहेत आणि माणसांचे कित्येक तास मुंबईच्या गाडीत व खुर्चीत जातात. मेहनत सुटली, पण घास कमी झाला नाही.

दुसरे कारण जरा खोल आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर बायांची आणि त्यांच्या बाळांची पाहणी केली. बाळे वजनाने सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी. पण अंगात मांस कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकलेली! म्हणून आपल्याकडे दिसायला बारीक असलेल्या माणसालाही मधुमेह गाठतो.

यावर जुना उपाय पथ्य आणि व्यायाम. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालीत आणि संस्थानातल्या शाळांतूनही ते घालवून घेत. नमस्काराला ना पैसा लागतो, ना यंत्र.

मग शस्त्रक्रिया कुठून आली? 1954 साली अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या शल्यवैद्यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाची वाट आखूड करण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. वजन उतरले, पण पुढे जुलाब, मुतखडे आणि यकृताचे विकार मागे लागले. ती पद्धत सोडून द्यावी लागली. 1966 साली आयोवाचे डॉ. एडवर्ड मेसन यांनी नवी वाट काढली. व्रणासाठी जठर कापलेले रोगी पुन्हा जाड होत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले होते. आता दुर्बिणीतून, लहान छेदांनी जठर लहान करतात. महाराष्ट्रात 2011 साली नितीन गडकरी यांनी अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा ही गोष्ट गावोगावी चर्चेत आली.

आता तुलना करू. स्वीडनमध्ये 1987 पासून अतिस्थूल माणसांचे दोन गट पाहिले गेले; प्रत्येकात सुमारे दोन हजार माणसे. वीस वर्षांनी शस्त्रक्रिया केलेल्यांचे वजन सरासरी 18 टक्के कमी होते. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांचे जेमतेम एक टक्का. म्हणजे पथ्य करणारे आळशी होते का? नाही, बरं का! वजन उतरू लागले की शरीरच भूक वाढवते आणि खर्च आखडते. अतिस्थूल माणसाला 'तोंडावर ताबा ठेव' म्हणून हिणवणे हा अन्याय आहे.

पण तराजूची दुसरी बाजूही पाहा. 2006 साली चेन्नईच्या डॉक्टरांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 531 माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालणे आणि आहार सुधारलेल्यांत सुमारे अडीच वर्षांत मधुमेहाचे प्रमाण 28 टक्क्यांहून अधिक घटले, आणि तेही वजन फारसे न उतरता! व्यायामाचा सगळा हिशेब वजनकाट्यावर दिसत नाही, तो असा.

शस्त्रक्रिया झाली म्हणून पथ्यही सुटत नाही. घास लहान, जेवण सावकाश, जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि रक्ताची तपासणी जन्मभर चालते. म्हणून ती अतिस्थूलांसाठी, मधुमेहासारखे विकार जडलेल्यांसाठी, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. लग्नापूर्वी कंबर बारीक दिसावी यासाठी नव्हे.

गुरुजींना एक विनंती. शाळेत एक मोजपट्टी ठेवा. मुलांच्या आईवडिलांना सांगा की पुरुषाची कंबर 90 आणि बाईची 80 सेंटिमीटरच्या वर गेली तर सावध व्हावे. आणि खेळाचा तास गणितासाठी घेऊ नका. पुढे शस्त्रक्रिया लागू नये, याची सुरुवात त्याच तासात होते.