चाव्यानंतरचे तास

यातली मुलगी मी कल्पिलेली आहे. तिची वाट मात्र खरी आहे. भारतात दर वर्षी हजारो माणसं याच वाटेनं जातात.

सकाळी ७ : सात वर्षांची पोर ओट्यावर बसून दात घासतेय. भटकं कुत्रं येतं, गालाला कडकडून चावतं, निघून जातं. मुलांची उंची कमी, म्हणून चावा तोंडावर बसतो. तिथून मेंदू जवळ.

७.०५ : आजी धावत येऊन जखमेत हळद-तिखट दाबते. मायेपोटीच. पण याच वेळी वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं जखम धुतली असती, तर रेबीजचे बरेचसे विषाणू तिथेच मेले असते. त्यांचं आवरण चरबीचं असतं, साबणानं विरघळतं. मोरीत वडी होती, बादली भरलेली होती.

११ : प्राथमिक आरोग्य केंद्र. "पोटात चौदा सुया देतात का हो?" आई घाबरत विचारते. नाही ताई, दंडात. आज, मग तिसऱ्या, सातव्या आणि २८व्या दिवशी. लस फुकट आहे. पण तिचा असर व्हायला आठवडा तरी जातो, म्हणून रक्त आलेल्या चाव्याला जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन टोचावं लागतं. ते इथे नाही. हातात चिठ्ठी : जिल्हा रुग्णालय.

दुपारी २ : एसटी स्टँड. येण्याजाण्याचं भाडं, वर बापाचा दोन दिवसांचा खाडा. सोयाबीनची काढणी ऐन भरात. "सुई तर दिलीय," म्हणून तिघं घरी परततात. मला या बापाचा राग येत नाही. १८ किलोच्या पोरीला घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं ते औषध ७२० युनिट लागतं, म्हणजे एका कुपीहूनही कमी. ती कुपी तालुक्याच्या फ्रीजमध्ये का नसावी? उशीर झाला तरी सुई वाचवू शकते : १८८५च्या जुलैत कुत्रं चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला आईनं अल्सासहून पॅरिसला, रेबीजची लस बनवणाऱ्या पाश्चरकडे नेलं. पहिली सुई चाव्यानंतर साधारण ६० तासांनी मिळाली, आणि तो जगला.

७२ तास : दुसरी सुई होते.

१६८ तास : तिसरी राहते. पुन्हा खाडा परवडत नाही, आणि जखम तर सुकलीय. कुत्रं दहा दिवस धडधाकट दिसलं असतं तर घोर मिटला असता. ते गावात कुणालाच दिसलेलं नाही.

३६वा दिवस, पहाटे ५ : गालाला मुंग्या. अंगात ताप.

३८वा दिवस, संध्याकाळी ६ : पेला ओठांशी नेताच घसा आवळतो. पंख्याच्या वाऱ्यानंही ती दचकते. तहान लागलीय, घोट उतरत नाही. मधूनमधून शुद्ध येते, तेव्हा आईला हाक मारते. आता कुठल्याही मोठ्या रुग्णालयात खात्रीचा इलाज नाही.

४१वा दिवस, रात्री २ : मृत्यू.

ही वाट मुळातच बंद करता येते. गोव्यात कुत्र्यांनाच मोठ्या प्रमाणावर लस टोचली गेली. माणसांचे मृत्यू शून्यावर आले आणि २०२१मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते. आपल्या ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला विचारा : यंदा किती कुत्र्यांना टोचली? आणि घरात कुणाला कुत्रं चावलं असेल, तर आधी साबण घ्या, घड्याळ लावून १५ मिनिटं धुवा, आणि चौथी सुई होईपर्यंत दवाखान्याची वाट सोडू नका.