काळ्या पेन्सिलीचा गोरेपणा

संगणक आला आणि फोटो खोटे बोलू लागले, असे आपण सर्रास म्हणतो. लग्नाचा नवा अल्बम हातात आला की घरातले एखादे वडीलधारे माणूस हमखास म्हणते, ‘आमच्या वेळी असं नव्हतं. जसे होतो तसे फोटोत आलो.’ या विधानात आठवणींची माया पुष्कळ असली, तरी इतिहास थोडा आहे. फोटोवर हात फिरवण्याची कला संगणकापेक्षा शंभराहून अधिक वर्षांनी जुनी आहे. आणि आपल्याकडे तो हात सर्वांत जास्त फिरला तो नवरीच्या चेहऱ्याच्या रंगावर. म्हणूनच लग्नाच्या फोटोतला प्रकाश आणि फोटोवरचे नंतरचे संस्कार यांचा इतिहास मला केवळ तंत्राचा इतिहास वाटत नाही.

सुरुवातीची मोठी अडचण होती ती उजेडाची. १८३९ मध्ये डागेरोटाइप पद्धत जगापुढे आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी मंडळी कॅमेऱ्यामागे उभी राहिली. पण त्या काळच्या काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत आणि तेवढा वेळ समोरच्याने निश्चल राहावे लागे. १८५८ च्या जानेवारीत राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीचे लग्न झाले. त्या सकाळी आईवडील आणि मुलगी असा फोटो घेतला गेला. भावनावेगाने राणी थरथरत होती, आणि तिची आकृती फोटोत अस्पष्ट आली. सम्राज्ञीलाही कॅमेऱ्याने सवलत दिली नाही.

मग मांडवातल्या धावपळीत, होमाच्या धुरात आणि पाहुण्यांच्या गर्दीत फोटो कुठला निघायला? त्यामुळे जोडपे स्टुडिओत जाई. छताला किंवा भिंतीला मोठी काच, तिच्यातून येणारा मऊ उजेड, मागे रंगवलेला पडदा, नवरदेव खुर्चीवर आणि नवरी शेजारी उभी. मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावलेला असे. जुन्या फोटोंतले चेहरे इतके गंभीर का, याचे अर्धे उत्तर या आधारात आहे.

दुसरी अडचण रंगाची होती, आणि ती आपल्या लग्नांना विशेष जाचली. जुन्या काचांना सगळे रंग सारखे दिसत नसत. निळा रंग त्यांना फार लवकर दिसे, लाल जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे फोटोत निळे पांढरट येई आणि लाल काळे. आता आपले लग्न डोळ्यांसमोर आणा. कपाळावर कुंकू, अंगावर हळद, पिवळी अष्टपुत्री, लाल शालू. या काचेवर कुंकू काळे, शालू काळा आणि पिवळी अष्टपुत्रीसुद्धा गडद. सावळ्या कांतीतही लाल-पिवळ्याचाच अंश अधिक, म्हणून सावळी मुलगी फोटोत होती त्याहून काळी दिसे. म्हणजे पहिली लबाडी कॅमेऱ्याने केली, माणसाने नव्हे.

१८७३ मध्ये फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने काचेवरच्या लेपात रंगद्रव्य मिसळून ही दृष्टी सुधारण्याचा मार्ग दाखवला. १९०६ मध्ये सर्व रंग दिसणाऱ्या काचा बाजारात आल्या. तरी जुन्या जातीच्या काचा आणि फिल्म पुढे कित्येक वर्षे टिकल्या. त्या तांबड्या दिव्याच्या उजेडात धुता येत. नव्यांना मात्र पूर्ण काळोख लागे.

कॅमेऱ्याची चूक दुरुस्त करायची म्हणून रिटचिंगवाल्याचा हात पुढे आला. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात म्युनिकच्या फ्रान्झ हान्फस्टेंगल यांनी निगेटिव्हवर हात फिरवून केलेले फोटो मांडले आणि लोक थक्क झाले. पुढे ही विद्या जगभरच्या स्टुडिओंत पोहोचली. मागून उजेड येणारे उतरते टेबल, त्यावर निगेटिव्ह, डोळ्याला भिंग आणि हातात सुईसारखे टोक केलेली पेन्सिल. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते. तिथे जेवढे काळे, तेवढे कागदावर पांढरे. म्हणून डोळ्यांखालचे काळे वर्तुळ, गालावरचा व्रण, सुरकुती यांवर पेन्सिलीचे बारीक ठिपके भरले की छापलेल्या फोटोत ती जागा उजळे. काळ्या पेन्सिलीने चेहरा गोरा करण्याची ही विद्या.

या टेबलावर आयुष्य काढलेल्या एका वृद्ध कारागिरांशी माझे एकदा बोलणे झाले. मुलाच्या फोटोत व्रण काढायचा की ठेवायचा हे ते विचारून घेत. मुलीच्या फोटोला मात्र काही विचारावे लागत नसे आणि कोणी सांगतही नसे. ‘जरा उजळ’ हे गृहीतच असे. मुलगी दाखवण्यासाठीचा फोटो असेल तर अधिकच. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. काचेची चूक भरून काढणे इथवर ठीक होते. पण दुरुस्ती कुठे संपली आणि मुलीला दुसरीच मुलगी करणे कुठे सुरू झाले, ही रेघ कोणीच आखली नाही. पुढे कृष्णधवल फोटोवर हाताने रंग भरण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा गालांवर गुलाबी छटा आली. शालूचा रंग घरच्यांना विचारून भरता येई. कांतीचा रंग कोण विचारणार?

दरम्यान कॅमेरा मांडवात शिरला तो कृत्रिम उजेडाच्या आधाराने. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची झगझगीत पूड तयार झाली. एकदाच लखकन उजेड, मग धुराचा लोट आणि आगीची भीती. १९२९ च्या सुमारास काचेच्या गोळ्यात बंद केलेला फ्लॅश बल्ब आला आणि धुराची कटकट संपली. पण एका बल्बला एकच फोटो. बल्ब महाग, रोलमध्ये फोटो बारा. गोरज मुहूर्त असेल तर आकाशातला उजेडही नेमका त्याच वेळी मावळे. म्हणून अंतरपाट, हार, सप्तपदी, विहिणी-विहिणी आणि शेवटी समस्तांचा ग्रुप असे मोजके प्रसंग ठरून गेले. आजही आपण अल्बममध्ये तोच क्रम शोधतो.

कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश समोरून तोंडावर आदळे. त्याने चेहऱ्याची उंचसखलता नाहीशी होई, कपाळावरचा घाम चमके आणि मागच्या भिंतीवर काळी सावली पडे. सावळ्या चेहऱ्याचे सौंदर्य बाजूने येणाऱ्या, पसरलेल्या उजेडात खुलते. ते पांढऱ्या छत्रीवरून किंवा छतावरून फ्लॅश परतवणाऱ्या फोटोग्राफरांना चांगले ठाऊक होते. पण घाईत आणि कमी पैशांत बहुतेकांच्या वाट्याला समोरचाच झोत आला.

रंगीत फोटो आले तेव्हा वाटले, आता तरी खरा रंग दिसेल. पण रंगीत फोटोची छपाई जुळवण्यासाठी प्रयोगशाळांकडे नमुना म्हणून एक फोटो असे. कोडॅक कंपनीच्या शर्ली नावाच्या मॉडेलवरून अशा नमुन्यांना ‘शर्ली कार्ड’ म्हणत. शर्ली गोरी होती. तिची त्वचा नीट छापली गेली की यंत्र ठीक. लॉर्ना रॉथ या कॅनडातील संशोधक महिलेने हा इतिहास २००९ मध्ये तपशिलाने मांडला. गडद छटा नीट येत नाहीत ही तक्रार चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्या कंपन्यांनी केली, तेव्हा फिल्म सुधारण्याला जोर आला, असे त्यांनी नोंदवले आहे. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेली कार्डे निघाली ती १९९० च्या दशकात. तोवर आपल्याकडच्या किती लग्नांचे फोटो शर्लीच्या मापाने छापले गेले असतील!

१९८० च्या दशकात व्हिडिओ आला. हजार वॉटच्या दिव्याने भटजींच्याही डोळ्यांत पाणी आणले. फोटोग्राफर काळ्या पुठ्ठ्यात बदामाचा आकार कापून एकाच फिल्मवर दोनदा फोटो घेत, नवरीच्या ओंजळीत नवरदेव बसवत. आज आपण त्यावर हसतो, पण त्या करामतींनी कोणाचा चेहरा बदलला नव्हता. त्यांचा भाबडेपणा उघड होता.

फोटोशॉप १९९० मध्ये आले आणि पुढे रिटचिंगच्या टेबलावरची पेन्सिल माऊसमध्ये गेली. कारागिराला जे करायला एक दुपार लागे, ते क्षणात होऊ लागले. २००७-०८ नंतरच्या डिजिटल कॅमेऱ्यांनी मात्र एक मोठी देणगी दिली. अगदी मंद उजेडातही फोटो निघू लागले. होमाच्या ज्वाळेचा तांबूस उजेड नवरीच्या गालावर पडलेला आपल्याला प्रथमच जसाच्या तसा पाहता आला. ‘कँडिड’ म्हणून जी शैली रुजली, तिचे बळ या उजेडात आहे. पण त्याच फोटोंवर तयार ‘प्रीसेट’ चढवले जातात. फिक्या रंगांच्या शैलीत हळद साय होते, हिरवा चुडा राखाडी होतो आणि कांती पुन्हा एकदा उजळते. शतकापूर्वीच्या काचेला हळद पिवळी दिसत नव्हती. आज दिसते, तरी आपण ती पुसतो.

१९७५ मध्ये भारतात आलेल्या एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द २०२० मध्ये वगळण्यात आला. शब्द गेला ही चांगलीच गोष्ट. सवय जायला वेळ लागेल. फोटोग्राफरला दोष देऊन ती जाणार नाही, कारण त्याने बहुतेक वेळा आपल्या मनातलेच ओळखले आहे.

म्हणून यंदा ज्यांच्या घरी कार्य असेल त्यांना माझी एक साधी विनंती आहे. प्रकाशयोजना हवी तशी करून घ्या, हौसेने अल्बमही सजवा. पण फोटोग्राफरला आधीच सांगा, की मुलीचा रंग बदलू नका, उजेड तिच्या रंगाला शोभेल असा लावा. आणि काहीही संस्कार न केलेले मूळ फोटो मागून घ्या, जपून ठेवा. पन्नास वर्षांनी एखादी नात आपला सावळा रंग कोणाकडून आला हे त्या फोटोंत शोधेल. तेव्हा तिला तिची आजी सापडली पाहिजे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)