टॉवर कोण निवडतं?

चालू कॉल दुसऱ्या टॉवरवर न्यायचा, हे ठरतं कसं?

१९४७ साली बेल लॅब्जच्या डग्लस रिंग यांनी शहराचे षटकोनी सेल पाडायची कल्पना मांडली. सेल लहान, म्हणजे तीच फ्रीक्वेन्सी थोड्या अंतरावर पुन्हा वापरता येते. १९८३ साली शिकागोत अशी सेवा सुरू झाली, तेव्हा कॉलमध्ये सिग्नल मोजायचं काम टॉवरांकडेच होतं. फोन बिचारा गप्प.

पण सेल लहान होत गेले, तसा टॉवरांवर मोजणीचा भार वाढला. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं: सर्व्हरला झेपेना, की काम क्लायंटवर ढकला! जीएसएमने तेच केलं. कॉल चालू असताना फोनच आजूबाजूचे सिग्नल मोजतो आणि साधारण दर अर्ध्या सेकंदाला सर्वांत जोरदार सहा शेजाऱ्यांचे आकडे कळवतो. मला हा बदल षटकोनांपेक्षा मोठा वाटतो. निर्णय मात्र नेटवर्कने स्वतःकडेच ठेवला.