चार पटांचा सामना

दिवाळीच्या सुट्टीत फराळाच्या बश्या रिकाम्या झाल्या, की पुष्कळ घरांत बुद्धिबळाचा पट बाहेर निघतो. दोघे खेळतात आणि चौघे भोवती कोंडाळे करून न मागितलेले सल्ले देतात. पण दोघांच्या या खेळाचा एक सांघिक अवतारही आहे, आणि दुबळ्यांनी बलवानांशी कसे झुंजावे याचा धडा त्याच्या इतिहासात सापडतो.

संघाचे चार खेळाडू चार पटांवर बसतात. डाव जिंकला तर एक गुण, बरोबरीत सुटला तर अर्धा. चारांपैकी अडीच गुण मिळाले की सामना पदरात पडला. म्हणजे तिघांनी नुसती बरोबरी राखली आणि चौथ्याने एक डाव मारला, तरी बलाढ्य संघ आडवा होतो! दुबळ्या बाजूची सारी मदार या अर्ध्या गुणावर असते.

हे गणित आपल्या खेळाडूंना जगाच्या आखाड्यात सोडवायला मिळाले ते फार उशिरा. कारण आपला डावच निराळा होता. सोलापूरहून हैदराबादेकडे जाताना नळदुर्गाच्या पुढे जळकोट लागते. तिथल्या एखाद्या पारावर बसून कुणी आजोबांनी देशी डाव शिकवायला घेतला, तर शाळकरी नातू चक्रावून जाईल. देशी डावात प्यादे पहिल्या खेपेसही एकच घर सरकते. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते. प्रांतोप्रांतीचे बारकावे आणखी वेगळे. अशा डावात मुरलेला माणूस परदेशी नियमांच्या पटावर बसला, की अर्धी लढाई त्याला स्वतःच्या सवयींशीच करावी लागे.

ही सवय मोडण्याचे काम हौशी मंडळींनी केले. सांगलीत १९४१ साली भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केले आणि त्या गावाचे नाव या खेळाशी कायमचे जोडले गेले. १९५१ साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. १९५५ साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली आणि आपले रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. वेंकय्या हे दोघे संयुक्त विजेते ठरले.

लगेच पुढच्या वर्षी, १९५६ साली, भारताचा संघ मॉस्कोच्या ऑलिंपियाडमध्ये उतरला. तिथे चौतीस देश जमले होते. यजमानांकडे बोटविनिक, स्मिस्लोव्ह, केरेस, ब्रॉनस्टीन असे एकाहून एक दिग्गज! आपला संघ अंतिम फेरीत तळच्या गटात गेला, यात नवल नाही. पण त्याच स्पर्धेत हंगेरीने अजिंक्य समजल्या जाणाऱ्या रशियनांना सामन्यात हरवले, आणि तेही नेमक्या अडीच गुणांनी. सुवर्णपदक रशियनांनीच नेले. तरी त्यांनाही हरवता येते, हे सर्वांनी पाहिले.

हा धडा आपल्याकडे मॅन्युएल आरन यांनी गिरवला. १९६१ साली ते भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर झाले. १९६२ साली स्टॉकहोमच्या स्पर्धेत तेवीस जणांत त्यांचा क्रमांक शेवटचा. पण वाचकहो, त्या शेवटच्या माणसाने पोर्टिश आणि उलमान या दोन ग्रँडमास्टरांना धूळ चारली होती! नुसता क्रमांक वाचणाऱ्याला हे कळायचे नाही.

आता साठ वर्षे ओलांडून २०२२ सालच्या चेन्नईला येऊ. ऑलिंपियाड भारतात भरले होते. मानांकनात अमेरिका पहिली आणि भारताचा दुसरा संघ, बहुतेक कोवळी पोरे, अकरावा. दोघांची गाठ पडली. गुकेशने कारुआनाला नमवले, नागपूरच्या रौनक साधवानीने डोमिंगेझला नमवले, आणि उरलेल्या दोघांनी अर्धा-अर्धा गुण निगुतीने राखला. तीन विरुद्ध एक! विजयाचे हार दोघांच्या गळ्यात पडले. पण त्या दोन बरोबऱ्या नसत्या, तर सामना बरोबरीतच अडकला असता. त्या संघाने कांस्यपदक मिळवले. पुढे २०२४ साली बुडापेस्टला भारताने खुल्या व महिला अशा दोन्ही गटांची सुवर्णपदके जिंकली. त्या संघांत नाशिकचा विदित गुजराथी होता, नागपूरची दिव्या देशमुख होती, आणि महिलांचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे होते.

मॉस्कोला तळच्या गटात खेळलेल्यांच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. परंतु बलवानासमोर बसायचे, हरलो तरी पुन्हा जायचे, ही रीत त्यांनी पाडली. सुवर्णपदकांची वाट तिथूनच निघाली.

तेव्हा यंदा भाऊबीजेला मामेभावंडे जमली, की एकाऐवजी चार पट मांडा: मामाचे घर एका बाजूला, आत्याचे दुसऱ्या. आणि धाकट्या भाचीला चौथ्या पटावर बसवताना बजावून सांगा, की तिचा अर्धा गुणही मोजला जाणार आहे.