महाराष्ट्रातील हॉटेल कामगारांचे उत्पन्न

हॉटेले, उपाहारगृहे, खानावळी, कॅन्टीन व मॉलमधील फूड कोर्ट येथे काम करणाऱ्यांना मिळणारा एकूण मोबदला म्हणजे हॉटेल कामगारांचे उत्पन्न होय. महाराष्ट्रात त्याचे प्रामुख्याने तीन भाग आढळतात : रोख मजुरी, ग्राहकांनी दिलेली टीप (बक्षिशी) आणि मालकाकडून मिळणारे जेवण व राहण्याची जागा. कायद्याच्या हिशेबात मुख्यतः मजुरीच धरली जाते. त्यामुळे कामगाराच्या चरितार्थाला आधार देणारे उत्पन्न आणि त्याच्या म्हातारपणासाठी मोजले जाणारे उत्पन्न यांत अंतर पडते.

रोजगाराचे प्रकार

नवी मुंबईतील नेरूळ व बेलापूर यांच्या दरम्यान वसलेल्या सीवूड्समध्ये हे प्रकार एकाच परिसरात पाहावयास मिळतात. सीवूड्स–दारावे रेल्वे स्थानकावर उभारलेला मॉल २०१७ मध्ये सुरू झाला. तेथील साखळी उपाहारगृहांत सामान्यतः पगार बँक खात्यात जमा होतो. लहान हॉटेलांत रोख पगार, अधूनमधून घेतलेली उचल आणि महिनाअखेरचा हिशेब अशी पद्धत दिसते. वडापावच्या गाडीचा मालक स्वयंरोजगारी असतो. त्याने ठेवलेला मदतनीस मात्र मजूर ठरतो.

किमान वेतन

किमान वेतन अधिनियम, १९४८ अन्वये राज्य शासनाने हॉटेल व्यवसायासाठी किमान दर ठरविले. कुशल, अर्धकुशल व अकुशल अशा वर्गवारीनुसार आणि परिमंडळानुसार हे दर वेगवेगळे असतात. मूळ वेतनावर महागाईशी निगडित विशेष भत्ता मिळतो व तो दर सहा महिन्यांनी बदलतो. हा अधिनियम पुढे मजुरी संहिता, २०१९ मध्ये समाविष्ट करण्यात आला. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. मजुरीऐवजी दिलेल्या वस्तुरूप मोबदल्याचे मूल्य एकूण मजुरीच्या १५ टक्क्यांपर्यंतच मजुरीत धरता येते, अशी तरतूद तीत आहे.

टीप व सेवाशुल्क

टीप हा मजुरीचा भाग नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने रामबाग पॅलेस हॉटेल प्रकरणात (१९७६) घेतली. आयटीसी प्रकरणात (२०१६) मालकामार्फत वाटली जाणारी टीपही पगार ठरत नाही, असा निर्णय झाला. टीप प्रथम वेटरच्या हाती पडते; आचारी, तंदूरवाला व भांडी घासणारा यांना तिचा वाटा मिळणे हे त्या हॉटेलच्या रिवाजावर अवलंबून असते. घरपोच मागणीत जेवण वाढणाऱ्याची गाठच पडत नसल्याने वेटरची टीप बुडते.

सेवाशुल्क बिलात आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी जाहीर केली. दिल्ली उच्च न्यायालयाने ती २८ मार्च २०२५ रोजी वैध ठरविली.

कामाचे तास

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ च्या मूळ तरतुदींनुसार दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा असून जादा कामासाठी दुप्पट दर आहे. हॉटेलांत दुपारच्या व रात्रीच्या गर्दीमुळे ‘ब्रेक शिफ्ट’ची पद्धत रूढ आहे. मधल्या विश्रांतीचे तास हिशेबात येत नाहीत. परंतु घर लांब असलेल्या कामगाराला ते हॉटेलातच काढावे लागतात.

सामाजिक सुरक्षा

भविष्यनिर्वाह निधीची सर्वसाधारण वर्गणी मजुरीच्या १२ टक्के आहे. उदाहरणार्थ, वेटरला दरमहा ₹१३,००० मजुरी व ₹४,००० टीप मिळत असल्यास त्याची वर्गणी ₹१३,००० वरच, म्हणजे ₹१,५६० होते. याच मजुरीवर ग्रॅच्युइटी सेवेच्या प्रत्येक वर्षामागे ₹७,५०० होते. परंतु कायम नोकरीत तिच्यासाठी सामान्यतः सलग पाच वर्षांची सेवा लागते. वारंवार हॉटेल बदलणारा कामगार या लाभाला मुकतो.

टाळेबंदीचा परिणाम

मार्च २०२० मधील टाळेबंदीने उत्पन्नाच्या या रचनेतील दुबळेपणा उघड केला. हॉटेल बंद होताच टीप थांबली आणि हॉटेलात राहणाऱ्या अनेकांचा निवारा व जेवणही संकटात आले. राज्यातील उपाहारगृहांत बसून खाण्यास ५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या क्षमतेने परवानगी मिळाली. निम्मी टेबले रिकामी राहिल्याने पूर्ण पगार मिळणाऱ्या वेटरचेही एकूण उत्पन्न पूर्ववत होणे कठीण होते.