संगणकाचा पहिला उद्गार

सुटे भाग आणून घरच्या घरी संगणक जुळविणाऱ्यांच्या वाट्याला एक प्रसंग हमखास येतो. कळ दाबली जाते, पंखे गरगरू लागतात, मदरबोर्डावरचे दिवे उजळतात. पण ज्या एका लहानशा ‘बीप’साठी कान टवकारलेले असतात ती काही ऐकू येत नाही. महिनोन्‌महिने साठविलेले पैसे पाण्यात गेले अशा समजुतीने मग मदरबोर्ड उचकटून दुकानदाराकडे नेण्याची घाई होते, आणि कित्येकदा अगदी निर्दोष वस्तू परत जाते. या गैरसमजाचे मूळ त्या ध्वनीच्या इतिहासात आहे.

यंत्राने आवाज काढून चालकाला सावध करावे ही कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. मँचेस्टरच्या ‘फेरांटी मार्क १’ला आणि ऑस्ट्रेलियातील ‘सायरॅक’ला इशाऱ्यासाठी भोंगे जोडलेले होते, १९५१ साली हौशी गणितज्ञांनी त्याच भोंग्यांतून गाण्यांच्या चालीही वाजवून घेतल्या. परंतु आजचा मनुष्य ज्या बीपची वाट पाहतो तिचा जन्म बराच अलीकडचा. आय.बी.एम. कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. फ्लॉरिडातील बोका रेटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या नेतृत्वाखालील एका लहान तुकडीने तो सिद्ध केला होता. त्याच्या पेटीत सव्वादोन इंची स्पीकर बसविलेला होता, आणि कायमच्या स्मृतीत ‘बायॉस’ नावाचा अवघ्या आठ किलोबाइटचा आज्ञासंच कोरलेला होता.

वीज मिळताच हा बायॉस प्रथम स्वतःच्याच घराची झडती घेई. प्रोसेसर, कालमापक चकती, तात्पुरती स्मृती, कळफलक अशी एकेक तपासणी होई. स्मृती जितकी अधिक तितका वेळही अधिक लागे. सारे यथास्थित असल्यास एक आखूड बीप. एक दीर्घ व दोन आखूड बीप आल्या तर चित्र दाखविणाऱ्या कार्डात दोष. एक दीर्घ व एक आखूड आल्यास खुद्द मदरबोर्डात. ही खूण आवाजाचीच का, याचे उत्तर साधे आहे. पडद्यावर अक्षर उमटण्यापूर्वी चित्राचे कार्ड व स्मृती शाबूत असावी लागते. तीच बिघडली असतील तर तक्रार पडद्यावर लिहिणार कशी? स्पीकरला मात्र फारसे काही लागत नाही. त्या यंत्रणेत मौनालाही अर्थ होता: काहीच ऐकू आले नाही तर वीजपुरवठ्याकडे वा मदरबोर्डाकडे पाहावे.

ही एकवाक्यता फार काळ टिकली नाही. आय.बी.एम.शी जुळणारी यंत्रे बनविण्यासाठी कॉम्पॅक कंपनीने स्वतःचा बायॉस लिहिला. १९८४ मध्ये फिनिक्सने असा बायॉस इतरांना विकावयास काढला. १९८५ मध्ये एस. शंकर व पॅट सरमा यांनी अमेरिकेत ‘अमेरिकन मेगाट्रेंड्स’ स्थापन केली. प्रत्येकाची बोली निराळी! आय.बी.एम.च्या भाषेत जी एक बीप ‘सर्व क्षेम’ म्हणे, तीच अमेरिकन मेगाट्रेंड्सच्या जुन्या बायॉसमध्ये स्मृतीच्या बिघाडाची वार्ता देई. मदरबोर्डाची पुस्तिका न पाहता बीपचा अर्थ लावू जाणे म्हणजे शेजाऱ्याचे पंचांग पाहून आपला मुहूर्त काढणे होय.

पुढे तर तोंडच नाहीसे झाले. संगीत व संवाद ध्वनिकार्डाकडे गेले, कॅबिनेट बनविणाऱ्यांनी स्पीकर वगळला, आणि मदरबोर्ड बनविणाऱ्यांनी दोषदर्शक दिवे किंवा दोन अंकी आकडा दाखविणाऱ्या पट्ट्या दिल्या. २००५ साली स्थापन झालेल्या मंडळाच्या यू.ई.एफ.आय. या नव्या पद्धतीने जुन्या बायॉसची जागा हळूहळू घेतली. ध्वनी गेला, त्याची अपेक्षा मात्र वडिलोपार्जित दागिन्याप्रमाणे पिढीकडून पिढीकडे उतरत राहिली.

म्हणून मुका संगणक समोर आला की पहिला प्रश्न हा की त्याला स्पीकर आहे तरी का? मदरबोर्डावर ‘स्पीकर’ असे लिहिलेल्या चार पिना असतील तर त्यांवर छोटा बझर बसवावा. तरीही आवाज नसेल तर वीज तोडून स्मृतीच्या पट्ट्या काढाव्यात आणि पुन्हा कळ दाबावी. आता तक्रारीच्या बीप आल्या तर प्रोसेसर व मदरबोर्ड बहुधा जिवंत आहेत. पूर्वीचे मौन केवळ यशाची बीप बायॉसमध्ये बंद असल्याचे असू शकते. या वेळीही शांतता राहिली तर खरी चिंता करावी. अशा वेळी प्रोसेसरसाठी असलेली वेगळी १२ व्होल्टची जोडणी राहून गेली आहे काय, हे आधी पाहावे. पेन्टियम ४च्या काळापासून, म्हणजे २००० सालापासून, ती रूढ आहे, आणि नवख्यांकडून विसरली जाते तीच. मदरबोर्डाचा बायॉस नव्या प्रोसेसरहून जुना असणे हेही एक कारण संभवते.

डोळस माणसाला दिवे व आकडे पुरतात. ज्याला दिसत नाही त्याचे काय? पडदा वाचून दाखविणारी आज्ञावली संगणक पूर्ण सुरू झाल्यावरच बोलू लागते. तत्पूर्वी यंत्र जागे झाले की नाही हे पंख्याच्या घरघरीवरून ताडावे लागते, आणि पंखे तर मृत मदरबोर्डावरही फिरतात. ॲपलने २०१६च्या मॅकबुक प्रोमधून आरंभीचा गंभीर स्वर काढून टाकला होता. २०२० मध्ये ‘बिग सर’ आवृत्तीत तो परत आला, आणि हवा तेव्हा बंद करण्याची सोयही त्यासोबत आली. इतर संगणकांबाबत असा एकत्रित निर्णय करणारे कोणी नाही. अनेक मदरबोर्डांवर त्या चार पिना अद्याप आहेत. त्यांत बसणारा बझर मात्र दुकानात वेगळा मागावा लागतो.