पैसे सगळ्यांना द्यायचे की फक्त गरिबांना? वाद नेमका काय आहे?

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात महिलेच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला गेला. मग जिचा नवरा वारलाय आणि वडीलही हयात नाहीत, तिने काय करायचं? ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येणार? अशा महिलांसाठी नंतर मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाची कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय करावी लागली. मुदतही ३१ डिसेंबरपर्यंत वाढली.

युनिव्हर्सल बेसिक इन्कम म्हणजेच ‘यूबीआय’चे समर्थक नेमक्या याच त्रासाकडे बोट दाखवतात. त्यांचं म्हणणं सोपं आहे: श्रीमंत-गरीब न बघता प्रत्येकाला ठरावीक रक्कम द्या, अटी लावू नका.

निवडून मदत देताना दोन चुका होतात. गरज नसलेला आत येतो आणि गरजू बाहेर राहतो. ‘लाडकी बहीण’मध्ये १४ हजारांहून जास्त पुरुषांनी पैसे घेतल्याचं समोर आलं, सरकारी कर्मचारीही सापडल्या. साहजिकच बातम्या झाल्या. पण दाखला नाही म्हणून जिने अर्जच भरला नाही, ती कोणत्याच यादीत नसते. तिची मोजणी कोण करणार? माझ्या मते ही दुसरी चूक जास्त महाग आहे. एकीत सरकारचे पैसे जातात, दुसरीत कुणाच्या तरी घरातलं रेशन.

मग सगळ्यांनाच का देत नाहीत? जरा हिशोब करू. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे ९.७ कोटी मतदार होते. प्रत्येकाला महिना १,५०० रुपये द्यायचे तर वर्षाला जवळपास पावणेदोन लाख कोटी लागतील. राज्याचं २०२५-२६ चं अख्खं बजेट साधारण ७ लाख कोटींचं. म्हणजे चौथा हिस्सा इथेच संपला. शाळा, दवाखाने, रस्ते, पगार उरलेल्या पैशांत.

देशपातळीवर हा हिशोब २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालात मांडला गेला. तेव्हा अरविंद सुब्रमण्यन मुख्य आर्थिक सल्लागार होते. माणशी वर्षाला ७,६२० रुपये, खर्च जीडीपीच्या ४.९ टक्के. गंमत म्हणजे त्यातही ‘सगळे’ म्हणजे ७५ टक्केच लोक धरले होते! म्हणजे वरचे २५ टक्के कोण, हे पुन्हा कुणीतरी ठरवायचंच.

लोक पैसे दारूत उडवतील, हा आक्षेप हमखास येतो. मध्य प्रदेशात २०११ पासून ‘सेवा’ संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही गावांत हे करून पाहिलं. सुरुवातीला प्रौढाला महिना २०० आणि मुलाला १०० रुपये, विनाअट. दारूवरचा खर्च वाढल्याचं दिसलं नाही, मुलांच्या पोषणात सुधारणा दिसली. अर्थात तिथे पैसा बाहेरून आला होता. तो करातून उभा करायचा नव्हता, हे विसरून चालणार नाही.

महाराष्ट्राने एक तिसरी वाटही दाखवली आहे, रोजगार हमी. १९७२ च्या दुष्काळात ती आकाराला आली, १९७७ मध्ये कायदा झाला. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जो उन्हात खडी फोडायला तयार आहे त्याला काम. पैसेवाला आपणहून येत नाही, त्यामुळे निवड आपोआप होते. पण म्हातारी माणसं, आजारी, दिव्यांग, तान्ह्या बाळाची आई? त्यांना ही वाट अवघड.

यूबीआय देशात आलं नाही. २०१९ मध्ये आली पीएम-किसान, वर्षाला ६,००० रुपये. आधी २ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना, त्याच वर्षी जमिनीची ही मर्यादा निघाली. नावावर शेती असलेला मोठा शेतकरीही पात्र झाला. त्याच्याच बांधावर राबणाऱ्या भूमिहीन मजुराला त्यातला एक रुपयाही मिळत नाही, कारण त्याच्या नावावर सातबारा नाही.